मालवण किनाऱ्यावरील ‘फावल्या वेळची’ मिळकत : एक विचार

कोकणच्या आर्थिक इतिहासाचा विचार करणाऱ्या अभ्यासकांचे लक्ष आजवर प्रामुख्याने दोन गोष्टींकडे वेधले गेले आहे : एक खोती व दुसरी मुंबई. पहिलीने कुळाच्या पदरी काय राहू दिले नाही आणि दुसरीने त्याच्या घरी काय धाडले, याचा हिशेब पुष्कळांनी मांडला आहे. परंतु या दोहोंच्या मधल्या जागेत, म्हणजे मालवण, वेंगुर्ले, देवगड या भागातील घरांच्या पडवीत आणि खळ्यात, जी लहानसहान मिळकत होत असे तिच्याकडे त्या मानाने थोडेच लक्ष गेले आहे. आमसुले, सुंभ, सुकी मासळी, विणलेली जाळी ही ती मिळकत होय. तिचा उल्लेख जेथे येतो तेथे ‘फावल्या वेळातील उद्योग’, ‘सोपा जोडधंदा’ अशा शब्दांनी तिची बोळवण केलेली असते. हा वेळ खरोखरच फावला होता काय, आणि ही मिळकत सोपी होती काय, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारार्थ घेतला आहे.

प्रदेशाविषयी एक खुलासा आरंभीच केलेला बरा. सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. तत्पूर्वीच्या कागदपत्रांत हा भाग रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग म्हणून येतो. त्यातील सावंतवाडीचा मुलूख तर १९४८ मधील विलीनीकरणापर्यंत वेगळे संस्थानच होता. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा दहावा खंड ‘रत्नागिरी व सावंतवाडी’ असा जोडनावाने निघाला तो याच कारणाने. त्या खंडात विजयदुर्गचे गव्याच्या शिंगांचे काम, सावंतवाडीचे लाखकाम व वाळ्याचे नक्षीदार पंखे यांची कौतुकाने दखल घेतलेली आहे. साहेबाच्या दिवाणखान्यात शोभेल अशा वस्तूकडे त्याचे लक्ष जावे, हे स्वाभाविकच होते. आमसुलाला ते भाग्य कोठून लाभणार?

या भागातील जमिनीची स्थिती वाचकांस विदितच आहे. भाताचे एक पीक, तेही पावसावर. डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरी. आणि घरचे धान्य वर्षभर न पुरणे हा सार्वत्रिक अनुभव. यास्तव पुरुषाने मुंबईची वाट धरली. १९११ च्या सुमारास मुंबईतील गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. टपाल खात्याची मनीऑर्डर १८८० साली सुरू झाली आणि चाकरमान्याच्या घरची चूल तिच्यावर पेटू लागली, असे आपण सरसकट म्हणतो. हे विधान चूक नाही. पण ते अपुरे आहे. गिरणीचा पगार महिना संपल्यावर लगेच होत नसे; पुढील महिन्याचा पंधरवडा उलटत आला म्हणजे तो कामगाराच्या हाती पडे. त्यातून खोलीभाडे, खाणावळ व सावकार यांचे देणे भागवून उरेल ते गावी निघे. म्हणजे मनीऑर्डर उशिरा येई, कमी येई, आणि संप किंवा आजारपण असल्यास येतच नसे. पावसाळ्यात किनाऱ्यावरील आगबोटी बंद होत व चाकरमान्याचे येणेजाणे तुटे, ही आणखी एक अडचण.

येथेच घरच्या मिळकतीचे खरे स्थान दिसून येते. तिची रक्कम लहान होती, हे निर्विवाद. तथापि तिचे महत्त्व रकमेत नसून ती वर्षाच्या कोणत्या दिवशी हाती येई, यात होते. मे महिन्याच्या अखेरीस कोकणातील प्रत्येक घराला आगोट भरावयाची असते. तांदूळ, मीठ, मिरची, सुकी मासळी, सरपण, कौलांची डागडुजी, हे सारे मृगापूर्वी आटोपावे लागते. एकदा पाऊस लागला की चार महिने बाजार दूर आणि काम शेतात. रोख पैशाची वर्षातील सर्वांत मोठी निकड ती हीच. आणि रातांबा पिकतो तो नेमका एप्रिल-मे महिन्यांत.

आमसुलाची कृती सांगावयास सोपी आहे. रातांबे फोडून साल निराळी करावयाची, बिया व गर यांच्या रसात मीठ घालावयाचे, आणि साल त्या रसात भिजवून उन्हात, पुन्हा भिजवून पुन्हा उन्हात, अशी पुटे चढवीत ती काळसर व मऊ होईपर्यंत वाळवावयाची. मीठ घातलेला रस आगळ म्हणून वर्षभर उपयोगी पडतो. बियाही वाया जात नाहीत. त्या वाळवून, फोडून, आतील मगज कुटून पाण्यात उकळला असता वर तेल तरंगते. थंड होताना ते थिजते व हाताच्या मुठीत त्याचे गोळे वळतात, म्हणून त्यास मुठेल असे नाव. बीमध्ये सुमारे चौथा हिस्सा तेल असते. पायांच्या भेगांवर ते लावतात हे सर्वांस ठाऊक आहे. खाण्यातही त्याचा उपयोग होत असे.

परंतु या कृतीत दिवसांचा हिशेब धरला तर निराळे चित्र दिसते. फळ पिकले की थांबत नाही. ते काढल्यावर एकदोन दिवसांत फोडावेच लागते. वाळवणाला लागोपाठ कडक उन्हे लागतात, आणि वळिवाची एक सर सबंध खळ्यातील मालाला बुरा आणते. त्याच पंधरवड्यात भाजवळ, तरव्याची तयारी, आगोटीची खरेदी आणि लग्नसराई. सुटीवर आलेल्या चाकरमान्याचे आदरातिथ्य ते वेगळेच. जो काळ घरातील स्त्रीला वर्षात सर्वांत कमी फावतो त्याच काळात हा ‘फावल्या वेळचा’ उद्योग पार पडे. शब्द किती सहज दिशाभूल करतात, याचे हे चांगले उदाहरण म्हणता येईल.

भांडवल लागत नसे, हेही तसेच अर्धसत्य. रातांबा बहुधा आपोआप रुजलेला असतो, हे खरे. पण तो कोणाच्या तरी जमिनीत रुजलेला असतो. १९४९ च्या कायद्याने खोती संपुष्टात येण्यापूर्वी झाडावर हक्क कोणाचा, हा प्रश्न जमिनीवरील हक्काहून वेगळा काढता येत नव्हता. दुसरी वस्तू मीठ. मिठावर कर होता तोपर्यंत प्रत्येक पुटाबरोबर सरकारचा वाटा आमसुलात मुरत होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. वेंगुर्ल्याजवळ शिरोडे येथे मिठागरे डोळ्यांसमोर असताना हा कर भरावा लागे. मे १९३० मध्ये शिरोड्यास झालेल्या मिठाच्या सत्याग्रहाचे वर्णन आपण राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात करतो व ते योग्यच आहे. पण मे महिना हा आमसुलांचा व खाऱ्या मासळीचा महिना आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रश्नाला स्वयंपाकघराची बाजूही होती हे कळते. ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात मिठाच्या गावांतील लोकांना घरगुती वापरासाठी व गावातल्या गावात विकण्यासाठी मीठ गोळा करण्याची मुभा मिळाली. बाहेरच्यांस विकण्याची मिळाली नाही. मिठावरील कर गेला तो १९४७ साली.

मासळीच्या बाबतीत कराचा हा परिणाम अधिक उघड दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारने इलाख्याच्या किनाऱ्यावर मासे खारविण्याची आवारे उघडली व तेथे करमुक्त मीठ देण्याची सोय केली. अर्थात ते मीठ आवाराबाहेर नेता येत नसे. परिणामी मोठी मासळी खारविण्याचे काम घरातून आवाराकडे ओढले गेले. घरच्या स्त्रीकडे उरली ती मिठावाचून नुसत्या उन्हात वाळणारी बारीक मासळी : जवळा, सुकट, सोललेल्या कोळंबीचे सोडे. गाबीत स्त्रिया ही टोपली डोक्यावर घेऊन घाटाच्या पायथ्यापर्यंतच्या गावांत जात आणि पुष्कळदा पैशाऐवजी भात घेऊन परतत. भातावर केलेला हा सौदा कोणत्याही व्यापारी आकड्यात दिसणार नाही, हे उघड आहे.

सुंभाविषयी थोडक्यात सांगता येईल. नारळाची सोडणे खाडीच्या पाण्यात महिनोन्‌महिने कुजवावयाची, ठोकून काथ्या मोकळा करावयाचा आणि त्याला पीळ द्यावयाचा. केरळात या धंद्याला जे संघटित रूप आले तसे येथे आले नाही. १९५३ च्या काथ्या उद्योग कायद्यानंतरही मालवणकडील सुंभ बव्हंशी स्थानिक गरजेपुरताच राहिला. जाळ्यांची गोष्ट मात्र अधिक अर्थपूर्ण आहे. रापण ही सामुदायिक मासेमारी असून तीत केवळ श्रमाचा वाटा नसतो, जाळ्याचाही वाटा असतो. ज्याने आपल्या जाळ्याचा तुकडा रापणीला जोडला त्याला त्या तुकड्यापोटी मासळी मिळे. तेव्हा पडवीत बसून ताग किंवा सूत कातून विणलेले जाळे ही नुसती मजुरी नव्हती. ते भांडवल होते, आणि ते पैशावाचून केवळ श्रमातून उभे राहात होते. १९६० च्या आसपास नायलॉनचा धागा आला. तो टिकाऊ होता, कुजत नव्हता, त्याला ऐनाच्या सालीत रंगविण्याची गरज नव्हती. पण तो घरी कातता येत नव्हता, विकतच आणावा लागे. गरिबाला रापणीत पाय ठेवण्यास जी एक वाट होती ती येथे अरुंद झाली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आता साधनांविषयी, कारण संशोधकाची खरी अडचण तेथे आहे. या स्त्रिया जनगणनेत शोधू गेल्यास त्या दर दहा वर्षांनी वेगळ्याच खान्यात सापडतात. १९३१ साली ‘मिळवते’, ‘काम करणारे अवलंबी’ व ‘काम न करणारे अवलंबी’ असे वर्ग होते. १९५१ साली ‘स्वावलंबी’, ‘मिळवते अवलंबी’ व ‘न मिळवते अवलंबी’ असे झाले. १९६१ साली घरगुती उद्योगाचा स्वतंत्र वर्ग काढण्यात आला, आणि हंगामी कामात हंगामाच्या बहुतेक काळ दररोज एक तासाहून अधिक नियमित काम करणाऱ्यास कामकरी धरण्यात आले. १९७१ साली मुख्य व्यवसाय आधी विचारण्यात आल्यामुळे ‘घरकाम’ असे उत्तर देणाऱ्या असंख्य स्त्रिया देशभर कामकऱ्यांच्या संख्येतून गळाल्या. मालवणची एखादी स्त्री या चाळीस वर्षांत तीच आमसुले त्याच खळ्यात वाळवीत राहिली असेल. मात्र आकड्यांत ती कधी कामकरी झाली, कधी अवलंबी. १९६१ व १९७१ चे आकडे शेजारी मांडून ‘कोकणातील गृहोद्योगांचा ऱ्हास’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह ज्यांस होईल, त्यांनी आधी प्रश्नावली वाचावी.

युरोपच्या इतिहासात फ्रँकलिन मेंडेल्स याने १९७२ साली असे प्रतिपादन केले की, शेतकऱ्याच्या घरात चालणारे विणकामासारखे उद्योग हे कारखानदारीची पूर्वतयारी होत. हा सिद्धान्त येथे लावू पाहणाऱ्यांस निराशा पदरी येईल. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली, आणि ती मालवणच्या पडवीतून उगवली नव्हती. येथे क्रम उलटा होता. गिरणी आधीपासून उभी होती आणि घरचा उद्योग तिच्या पगारातील तूट भरून काढीत होता. कामगाराचे कुटुंब गावी स्वतःच्या पोटापुरते थोडेफार मिळवीत असल्यामुळेच त्याला एकट्याच्या निर्वाहापुरता पगार देणे चालून गेले.

याच व्यवस्थेचे दुसरे टोक परळ-लालबागच्या चाळींत होते. विधवा किंवा नवऱ्याने टाकलेली स्त्री, अथवा ज्याचा पगार पुरत नाही अशा कामगाराची बायको, एकाच खोलीत पंधरावीस गाववाल्यांचे जेवण रांधी. तिला पैसे मिळत ते महिन्याने; वाण्याचे देणे मात्र रोजचे, व तेही व्याजाने. १९७५ साली गोव्यात जन्मलेल्या व गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या खाणावळवाल्यांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे मिळवून दिली. त्यापूर्वी १९५९ साली गिरगावात सात गुजराती स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापडाचा उद्योग आरंभिला होता, त्याची वाढ सर्वांस माहीत आहे. दोहोंत फरक हा की, पापड देशभर विकता येतो. खाणावळीचे गिऱ्हाईक मात्र गिरणीच्या भोंग्याशी बांधलेले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला तेव्हा जेवणारे राहिले, पैसे देणारे राहिले नाहीत.

त्यानंतरचा काळ इतिहासापेक्षा वर्तमानाच्या अधिक जवळचा आहे. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ साली खुला झाला. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला होताच. तारकर्लीच्या बाजूस घरातील खोल्या पाहुण्यांस भाड्याने देण्याचा नवा जोडधंदा रुजला. २०१६ साली सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक निर्देशन मिळाले. बरणीवरील चिठ्ठीने भाव वाढतो, यात शंका नाही. वाढलेल्या भावापैकी रातांबे फोडणारीच्या हाती किती पडतो, हे मात्र चिठ्ठीवर लिहिलेले नसते.

जुन्या काळाविषयी याच प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे तर सरकारी दप्तर पुरे पडणार नाही. मालवण, वेंगुर्ले, देवगड येथील जुन्या पेढ्यांच्या खतावण्या व रोजकीर्दी, मुंबईहून आलेली पत्रे आणि मनीऑर्डरीच्या पावत्या यांचा शोध घेतला पाहिजे. एखाद्या घरच्या आमसुलांचा मे महिन्यातील जमा आणि त्याच घराची तांदळाची उधारी एकाच पानावर सापडल्यास पुष्कळ गोष्टींचा उलगडा होईल. कोकणच्या दमट हवेत कागद फार दिवस टिकत नाही व वाळवी कोणाची वाट पाहात नाही. तेव्हा विभागातील विद्यार्थ्यांनी हे काम पावसाळ्यापूर्वीच हाती घ्यावे.