विणीच्या बेटांची धूप
किनाऱ्याची धूप होऊन समुद्रपक्ष्यांच्या विणीची बेटे आक्रसणे वा नाहीशी होणे. भारतातले ठळक उदाहरण लक्षद्वीपचे. बंगारम कंकणद्वीपातील पारळी-१ हे निर्जन बेट १९६८ मध्ये सुमारे ३.२ हेक्टर होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ते पूर्ण बुडाले आणि शेजारच्या पारळी-२ चा सुमारे ८० टक्के भाग गेला. पोवळ्याची बेटे म्हणजे भुगा झालेल्या पोवळ्यांची वाळू. भोवतीचा प्रवाळमंच लाटांचा जोर मोडतो. समुद्र तापून पोवळी पांढरी पडून मेली, की ही ढाल झिजते आणि नव्या वाळूचा पुरवठाही आटतो.

लक्षद्वीपमधल्याच कवरत्तीच्या वायव्येचे पिट्टी हे पक्षी अभयारण्य जेमतेम १.२ हेक्टरचे. तिथे एकही झाड नाही. सुरय आणि नॉडी हे समुद्रपक्षी उघड्या वाळूवर, पोवळ्याच्या खड्यांत अंडी घालतात. ठिपकेदार अंडे खड्यांतून वेगळे ओळखू येत नाही. अशा जागी एक मोठी लाटही अख्खी वीण धुऊन नेऊ शकते.

सिंधुदुर्गातील वेंगुर्ला रॉक्स ही बेटे खडकाळ असल्याने अशी वाहून जात नाहीत. तिथल्या गुहांत लाळेची घरटी बांधणाऱ्या पाकोळ्यांना धोका घरटीचोरांचा.