येसू बिन तुका की येसू कोम तुका?

एकच झाड, नावं अनेक, याची वनस्पतिशास्त्र शिकलेल्यांना सवय असते. सेमाडोहच्या रानातला मोह जुन्या इंग्रजी पुस्तकांत 'बासिया' आहे, आता 'मधुका'. आधी पर्यायी नावांची यादी करायची, मगच मोजायला बसायचं. घराण्याचे कागद वाचताना ही शिस्त मी विसरले. तुम्ही विसरू नका, म्हणून हे लिहितेय.

गेल्या पावसाळ्यात फील्डवर्क थांबलं, तेव्हा गावाकडच्या आमच्या जमिनीचे जुने कागद एक्सेलमध्ये भरायला घेतले. तुका, तुकाजी, तुकाराम एकच असू शकतात हे लगेच कळलं. म्हादू म्हणजे महादेव, गोंदा म्हणजे गोविंद, ग्यानबा म्हणजे ज्ञानदेव. वऱ्हाडी उच्चारानं थोडा वेळ घेतला. आपण डोळ्याला डोया म्हणतो, तसा बाळाजीचा बायाजी होतो, विठोबाचा इठोबा. लिहिणारा ऐकलं तसं लिहून मोकळा! कागद इंग्रजीत गेला तर रोमन लिपीत ड आणि द एकच. गाडगेबाबांचं मूळ नाव डेबूजी. इंग्रजीवरून परत मराठीत आणणारा सहज 'देबूजी' लिहील.

माझी चूक मात्र वेगळीच. एका नोंदीत 'येसू' होतं. येसाजीचं, यशवंतचं घरगुती रूप, म्हणून मी त्याला तुकाचा मुलगा ठरवलं. वंशावळीत एक पुरुष वाढला आणि तुकाची बायको काही सापडेना. दोन महिन्यांनी मूळ फोटो पुन्हा उघडला. 'येसू कोम तुका'. बिन किंवा वलद म्हणजे अमक्याचा मुलगा, कोम म्हणजे अमक्याची बायको. संभाजी महाराजांच्या राणीचं नाव येसूबाई, हे शाळेत पाठ केलेलं, तरी मला पुरुषच दिसला. मधला शब्द मी उतरवलाच नव्हता. एक्सेलमध्ये त्याला रकाना नव्हता.

ही नुसती हौस नाही. जमातीच्या दाखल्याच्या पडताळणीत १९५० पूर्वीचे कागद पाहिले जातात. आजोबांचं नाव दोन कागदांत दोन तऱ्हेचं निघालं, तर नातवाचा प्रवेश अडकू शकतो. इकडे मेळघाटात वारावरून ठेवलेली नावंही भेटतात: सोमा, बुधू, शुक्रू. तिथे अडचण उलटी, एकाच गावात दोन बुधू.

म्हणून 'कागदात जसं आहे तसं' हा रकाना वेगळा ठेवा, 'माझा अंदाज' वेगळा, आणि बिन-कोमला स्वतंत्र जागा द्या. बाप, गाव, शेताचा नंबर जुळल्याशिवाय दोन नावं एक करू नका.

येसूपुढे अंदाजाच्या रकान्यात मी 'यशोदा?' लिहिलंय. प्रश्नचिन्ह अजून काढलेलं नाही.