शिदोरी, तांब्या आणि पटकी : प्रवासातल्या आरोग्याची जुनी गोष्ट



मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्ट्या संपत आल्या की आमच्या बीडमधल्या दवाखान्यात ठरावीक गर्दी होते. कुणी कोकणातून आलेले असते, कुणी तिरुपतीहून, कुणी चारधामहून. तक्रार एकच : जुलाब आणि उलट्या.

अशाच एका सुट्टीनंतर साठी ओलांडलेल्या एक आजी आल्या. देवदर्शनाच्या बसमध्ये त्यांना दोन दिवस जुलाब होत होते. "पाणी पिलं की पुन्हा जावं लागंल, म्हणून बंदच केलं," त्या म्हणाल्या. जीभ कोरडी पडली होती, रक्तदाब खाली गेला होता आणि लघवी जवळजवळ बंद झाली होती. वर रक्तदाबाची गोळी मात्र रोज चालू होती. सलाईनवर त्या सावरल्या, पण मूत्रपिंडांवर बेतले होते. जुलाबात पाणी बंद करायचे, ही समजूत फार जुनी आहे आणि तिने फार माणसे घेतली आहेत. त्याचीच गोष्ट आज सांगतो.

मरीआईचा गाडा

आपल्याकडे मौजेसाठी सहल ही अलीकडची गोष्ट. आधीच्या पिढ्यांचा मोठा प्रवास म्हणजे यात्रा. पैठणहून निघणारी एकनाथ महाराजांची पालखी आणि मुक्ताईनगरची मुक्ताईंची पालखी आजही आपल्या बीड जिल्ह्यातून पंढरपूरला जाते. या वाटेवरचे सर्वांत मोठे भय म्हणजे पटकी, म्हणजेच कॉलरा.

१८१७ साली बंगालमधल्या जेसोरला पटकीची मोठी साथ उसळली आणि १८१८ मध्ये ती मुंबईपर्यंत पोहोचली. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रांमध्ये ती पुन्हा पुन्हा दिसली. हरिद्वारच्या १८६७ च्या कुंभमेळ्यातून परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर ती पंजाबभर गेली. गावोगावी लोक मरीआईला साकडे घालत आणि तिचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडत. रोग एका गावाहून दुसऱ्या गावाला जातो, हे त्यांनी नेमके ओळखले होते. तो कशातून जातो, हे मात्र माहीत नव्हते.

ते कळले पाण्यातून. १८५४ मध्ये लंडनच्या जॉन स्नो या डॉक्टरांनी एका पंपाच्या पाण्याशी साथीचा संबंध दाखवला. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात पटकीचे जंतू रुग्णांत आणि तिथल्या तळ्याच्या पाण्यात शोधले. लाखो माणसे एका नदीकाठी उतरली, तिथेच शौच, तिथेच आंघोळ आणि तिथलेच पिण्याचे पाणी, की जंतूला आणखी काय हवे? १८९३ मध्ये वाल्देमार हाफकिन पटकीची लस घेऊन भारतात आले. मुंबईची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. दंडावर टोचून घेतल्याशिवाय यात्रेत शिरता येत नसे, ही आठवण जुने वारकरी अजून सांगतात. पण त्या लसीचे संरक्षण अपुरे आणि थोड्याच महिन्यांचे होते. खरा बदल शुद्ध पाणी आणि स्वच्छता यांनीच झाला. गाडगे महाराज हातात खराटा घेऊन यात्रेची जागा झाडत आणि पंढरपुरात त्यांनी धर्मशाळा उभारली, ते याच कामातले होते.

शिदोरीतले शहाणपण

जंतू माहीत नसतानाही आपल्या आज्या-पणज्यांनी अनुभवातून काही गोष्टी बरोबर धरल्या होत्या. प्रवासाला निघताना दुधात भिजवलेली दशमी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ, लाह्या बांधून देत. कोरड्या, भाजलेल्या पदार्थांत पाणी कमी असते, म्हणून त्यांत जंतू सहज वाढत नाहीत. फिरकीचा तांब्या बरोबर असे. पाणी आपले आणि भांडेही आपले. आज हॉटेलातली पातळ चटणी, कापून ठेवलेली फळे आणि बर्फाचा गोळा आपले पोट बिघडवतात, ते नेमके याच्या उलट कारणाने.

साखरेचे बोट धरून

आता आजींच्या समजुतीकडे येऊ. एकोणिसाव्या शतकात डॉक्टरसुद्धा पटकीच्या रुग्णाचे रक्त काढत आणि त्याला जुलाब देत! माणूस मरतो तो अंगातले पाणी आणि क्षार गेल्याने, हे पुरते पटायला फार काळ गेला.

१९७१ च्या बांगलादेश युद्धात लाखो निर्वासित भारतात आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यात घालून नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्के होते, ते ४ टक्क्यांच्याही खाली आले. आतडे आजारी असले तरी साखरेचे बोट धरून मीठ आत जाते आणि मिठामागून पाणी जाते. हाच आपला ओआरएस. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये गेले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

मग सुट्टीला जाताना काय करावे?

- उकळलेले, गाळलेले किंवा सीलबंद पाणीच प्या. बाटली आपली ठेवा.
- जेवणाआधी आणि शौचानंतर साबणाने हात धुवा. सॅनिटायझर चालेल, पण साबण उत्तम.
- गरम आणि समोर शिजलेले खा. फळ स्वतः सोला.
- पिशवीत ओआरएसची चार पाकिटे ठेवा. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट मिसळा. पाकीट नसेल तर १ लिटर शुद्ध पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा चहाचा घ्या. मीठ वाढवू नका.
- जुलाब झाले तर पाणी बंद नको. घोट घोट, पण सतत प्या. लहान मुलांचे दूध थांबवू नका.
- रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारा : जुलाब झाले तर कोणती गोळी थांबवायची, कोणती नाही? मनाने बंद करू नका आणि मनाने चालूही ठेवू नका.
- शौचात रक्त, जोराचा ताप, गुंगी किंवा सहा तासांहून अधिक काळ लघवी नसेल तर घरी पोहोचण्याची वाट पाहू नका. जिथे असाल तिथल्या दवाखान्यात जा.

त्या आजी पुढच्या वर्षी पुन्हा यात्रेला गेल्या. जाण्याआधी दवाखान्यात येऊन पिशवी उघडून दाखवली : दशम्या, चटणी, स्वतःची बाटली आणि ओआरएसची पाकिटे. परतल्यावर मात्र आल्या नाहीत. प्रसाद मुलाच्या हाती पाठवला. डॉक्टरला याहून जास्त काय हवे?

प्रवास सुखाचा होवो!