बाह्य हार्ड डिस्कचे फॉरमॅटिंग
संगणकास जोडावयाच्या चुंबकीय तबकडीवर दस्तऐवज ठेवण्यापूर्वी तिची मोजणी करून नोंदवही आखून देण्याची क्रिया. अलिबाग-पेणच्या खारभूमीत लागवडीपूर्वी बांध घालून खाचरे पाडावीत, तशीच ही व्यवस्था. ज्या अलिबागेत १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद दप्तरी ठेवली गेली, तेथे अशा नोंदीचे मोल निराळे सांगावयास नको. या आखणीच्या पद्धती अनेक आहेत. त्यांपैकी विंडोजची एनटीएफएस (१९९३) मॅकवर वाचता येते, परंतु जादा साधनावाचून तीवर लिहिता येत नाही. लिनक्सची एक्स्ट४ तर मॅक ओळखतही नाही व ‘इनिशियलाइज’ हा पर्याय पुढे करतो, जो उतावीळपणे स्वीकारून तबकडी पुसल्यास जुन्या मजकुराची वाट सापडेनाशी होते. फॅट३२ सर्वत्र चालते. पण ४ जीबीची फाईलही तीत मावत नसल्याने मुरूडच्या लग्नाच्या सलग चित्रणाची नक्कल होत नाही. म्हणून २००६ साली आलेली एक्सफॅट हीच तिन्ही प्रणालींस सोयीची होय, असे आमचे मत आहे. मात्र तीत फेरफारांची रोजनिशी (जर्नल) नसते, त्यामुळे लिहिणे मध्येच तुटल्यास मजकूर बिघडू शकतो. सबब, पावसाळ्यात वीज जाण्याचा संभव असलेल्या किनारी गावांत ‘इजेक्ट’ केल्यावाचून केबल उपटू नये, आणि फॉरमॅटपूर्वी मजकुराची दुसरी प्रत अवश्य करून ठेवावी.