गवताचा पूल

१/७
हिंगोली आणि मराठवाड्याच्या शिवारांत अंबाडीचा वाख काढून कासरे आणि दावी वळण्याची जुनी रीत होती. मातंग कारागीर या विद्येत विशेष निष्णात. असा दोर बैलाची ओढ सहन करी. दोर वळण्याच्या अशाच कौशल्यावर दक्षिण अमेरिकेतील इंका लोकांनी खोल दऱ्यांवर पूल टांगले.

२/७
पंधराव्या शतकात इंका साम्राज्य अँडीज पर्वतरांगांत पसरले. त्याच्या रस्त्यांचे जाळे सुमारे ३०,००० किलोमीटरचे होते. वाहतुकीला चाक नव्हते, लोखंड नव्हते, दगडी कमानही नव्हती. तरीही माणसे, सैन्य आणि लामांचे तांडे अपुरिमाकसारख्या नद्यांच्या पलीकडे न्यायचे होते.

३/७
उपाय गवतात सापडला. इचू नावाचे राठ गवत ठेचून, भिजवून त्याची बारीक दोरी वळत. अनेक दोऱ्यांचा एक दोर, अनेक दोरांचा एक जाड सोल. पुढच्या टप्प्याचा पीळ आधीच्या उलट दिशेने दिलेला असे. त्यामुळे एक पीळ सुटू पाहताच दुसरा आवळला जाई.

४/७
दगड दाबाला बळकट, ताणाला कच्चा; गवताचा दोर नेमका उलट. टांगत्या पुलाच्या मुख्य दोरांवर ताणच येतो. आज टिकून असलेल्या पुलात चालण्यासाठी खाली चार सोल, कठड्यासाठी वर दोन आणि त्यांना जोडणारी दोऱ्यांची जाळी असते. टोके दोन्ही काठांवरच्या दगडी बांधकामात जखडलेली असतात.

५/७
हा पूल जाळणेही सोपे होते. १५३३ मध्ये स्पॅनिश फौज कुस्कोकडे निघाली, तेव्हा इंका सैनिकांनी तिच्या वाटेवरचे पूल जाळले.

६/७
गवत कुजते. म्हणून पूल राखण्याचे काम लगतच्या गावांवर असे. इंका राज्यात कर श्रमाने फेडला जाई. साम्राज्य बुडाले, पण पेरूमध्ये अपुरिमाकवरील सुमारे ३० मीटर लांबीचा केस्वाचाका पूल उरला. दर जूनमध्ये चार गावे जुना पूल सोडून नवा विणतात. २०१३ मध्ये युनेस्कोने या परंपरेची अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली.

७/७
कोरोनाच्या साथीमुळे २०२० मध्ये हे काम झाले नाही. मार्च २०२१ मध्ये पूल कोसळला. त्याच जूनमध्ये गावकऱ्यांनी तो पुन्हा विणला, कारण दोर वळणारे हात शाबूत होते. मराठवाड्यात नायलॉनच्या दोराने अंबाडीचे कासरे मागे सारले. तुटलेला दोर पुन्हा वळता येतो. वळणारी पिढी सरली, की ती विद्या मात्र हातची जाते.