कुडीतला हिरा

स्मरणिकेसाठी इतिहासातील एखादा विषय घ्यावा असे ठरले, तेव्हा मला राणीहारापेक्षा कानातली कुडी जवळची वाटली. राणीहार लग्नकार्यापुरता पेटीबाहेर निघतो. कुडी मात्र न्हाताना, स्वयंपाक करताना, रात्री निजतानाही अंगावर असते. देहालाही आपण कुडीच म्हणतो, हा नुसता योगायोग असला तरी बोलका आहे.

अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत जगाच्या बाजारातले बहुतेक हिरे हिंदुस्थानातून जात. महाबळेश्वरी उगम पावणारी आपली कृष्णा पुढे गोवळकोंड्याच्या मुलखात शिरे, आणि तिच्याच काठी कोल्लूरच्या खाणी होत्या. सतराव्या शतकात तेथे गेलेला फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये सांगतो की, त्या खाणींत सुमारे ६०,००० माणसे राबत होती. पुरुष खणत आणि बायका व मुले माती वाहत. ज्या बायकांच्या पाट्यांतून हिरा वर आला, त्यांच्या कानात तो कधी पडला नसेल. पुढे १७२५ च्या सुमारास ब्राझीलमध्ये आणि १८६७ साली दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडले. माल वाढला, आणि लहान खडे मध्यम स्थितीतल्या गृहिणीच्याही आवाक्यात येऊ लागले.

सात खड्यांच्या कुडीची रचनाच काटकसरीची आहे. एका नाण्याभोवती तशीच नाणी चिकटवून मांडून पाहा. बरोबर सहा बसतात. मधला एक व भोवती सहा मिळून फूल दिसते मोठे, पण तेवढ्याच वजनाच्या एका हिऱ्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. पाच सेंटचे सात खडे म्हणजे अवघे ७० मिलिग्रॅम! कानाला ओझे होते ते सोन्याचे.

तथापि कुडीचे खरे मोल निराळे होते. घरादारावर जिचे नाव नसे, तिचे अंगावरचे दागिने तेवढे तिचे, ते स्त्रीधन. त्यातही दुष्काळात किंवा आजारपणात नवऱ्याने ते घेतले तर परत करण्याचे बंधन नाही, अशी सवलत याज्ञवल्क्य स्मृतीने ठेवली होती. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने हिंदू स्त्रीला आपल्या मालमत्तेची पूर्ण मालकी दिली. १९८५ साली प्रतिभाराणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, स्त्रीधन सासरी ठेवायला दिले म्हणून ते सासरचे होत नाही.

म्हणून आज कुड्या घेणाऱ्या भगिनींना चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. रोजच्या वापराला १८ कॅरट सोने बरे. २२ कॅरट मऊ, त्याची खड्यावरची पकड लवकर सैल होते. जुन्या बंद कोंदणात हिऱ्यामागे वर्ख असतो व पाणी शिरले की तो काळवंडतो. रोज न्हायचे तर मागून खुले कोंदण घ्यावे. हिऱ्याला तेलकटपणा फार लवकर धरतो. किंबर्लीच्या खाणीत तर चरबी माखलेल्या फळ्यांवरून खडी वाहवून हिरे वेचीत! तेव्हा केसांना तेल लावणारीने आठवड्यातून एकदा कोमट साबणपाण्याने मऊ ब्रश फिरवावा, आणि त्याच वेळी फिरकीचे आटे झिजले नाहीत ना हे पाहावे.

हिरा खाणीतला की प्रयोगशाळेतला, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. त्याचा दाखला मागावा. सोन्यावर सहा अक्षरी क्रमांकाचा हॉलमार्क असावा. १ एप्रिल २०२३ पासून तो सक्तीचा आहे. अडीअडचणीला मात्र सोनेच कामी येते. लहान हिरे परत विकताना फार थोडे मिळते, म्हणून त्यांना ठेव समजू नये; ते आपल्या आनंदासाठी घ्यावेत.

शेवटची सूचना इतिहासानेच शिकविलेली आहे. कुड्या कोणीही घेऊन देवो, पावती ज्या कानांत त्या घालायच्या तिच्या नावाची करावी, आणि ती तिनेच जपून ठेवावी. एवढे सांगून लेखणी खाली ठेवते.