अल्झायमर: आजाराचं नाव आणि शुश्रूषेचा इतिहास

आज आपण म्हातारपणातल्या विसरण्याचा इतिहास पाहणार आहोत. आधी शब्दापासून सुरुवात करू. डिमेन्शियाला आपण मराठीत 'स्मृतिभ्रंश' म्हणतो. हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहे. विषयांच्या चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, मग स्मृतिभ्रंश आणि शेवटी बुद्धिनाश, अशी ती उतरंड. म्हणजे तिथला स्मृतिभ्रंश माणसाने स्वतःवर ओढवून घेतलेला आहे. बोलीतले शब्द घ्या, 'म्हातारचळ' किंवा 'साठी बुद्धी नाठी', त्यांतही चेष्टा आणि ठपका आहेच. आजारासाठी आपण जे शब्द वापरतो ते असे दोषाचं ओझं घेऊन आले. सासूबाईंनी जेवण झाल्यावर पुन्हा पान मागितलं की घरात कुणीतरी म्हणतंच, 'मुद्दाम करतात.'

हा ठपका पुसायला निदान पाऊणशे वर्षं लागली, आणि ती गोष्ट जर्मनीत सुरू होते.

२५ नोव्हेंबर १९०१ रोजी फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात आउगुस्ते डेटर या ५१ वर्षांच्या बाई दाखल झाल्या. नवरा रेल्वेत कारकून. सुरुवात झाली ती नवऱ्याबद्दलच्या संशयाने, मग विसर, मग घरातल्या घरात वाट चुकणं. तिथले डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी त्यांना प्रश्न विचारून उत्तरं लिहून ठेवली. आडनाव विचारलं तर त्या 'आउगुस्ते' सांगत, नवऱ्याचं नाव विचारलं तरीही तेच. ताटात मांस आणि फुलकोबी, आणि काय खाताय विचारलं तर पालक. आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, असंही त्या म्हणाल्या होत्या. ही फाइल पुढे हरवली आणि १९९५ साली फ्रँकफर्टमध्येच सापडली, म्हणून हे तपशील आज आपल्यापर्यंत आलेत.

८ एप्रिल १९०६ रोजी त्या वारल्या. अल्झायमर तोवर म्युनिकला गेले होते. मेंदू तिकडे पाठवण्यात आला. त्यात त्यांना पेशींबाहेरचे थर आणि पेशींच्या आतले तंतूंचे गुंते दिसले. ३ नोव्हेंबर १९०६ ला ट्युबिंगेनच्या बैठकीत त्यांनी हे मांडलं. श्रोत्यांतून एकही प्रश्न आला नाही. (तुम्ही मंडळी त्या मानाने बरीच बरी आहात.)

आता एक तपशील बघा, जो सहसा सांगितला जात नाही. बाई गेल्या त्या थेट मेंदूतल्या गुंत्यांमुळे नव्हे. शेवटी त्या पाय पोटाशी घेऊन पलंगावर पडून असत, मलमूत्राचं भान राहिलं नव्हतं. पाठीला बेडसोर झाले, म्हणजे शय्याव्रण, आणि त्यातून रक्तात विषबाधा झाली. सगळी शुश्रूषा करूनही व्रण झालेच, असं अल्झायमर यांच्या १९०७ च्या लेखात नोंदलेलं आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी तर १८५९ च्या पुस्तकात बजावलं होतं, की बेडसोर हा बहुधा आजाराचा नव्हे, शुश्रूषेचा दोष. आम्हाला हे त्या फ्रँकफर्टच्या परिचारिकांवर थोडं कडक वाटतं. तेव्हा अँटिबायोटिक नाही. अंगाखालची कातडी दाबली गेली की तिथला रक्तपुरवठा थांबतो. त्यावर उपाय म्हणजे दर थोड्या तासांनी कूस बदलणं, अंग कोरडं ठेवणं. दिवस असो, रात्र असो. हे करणाऱ्या माणसांचा इतिहास कुणी लिहिला नाही. सूक्ष्मदर्शकाखालचा मात्र लिहिला गेला.

१९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात 'अल्झायमरचा आजार' हे नाव दिलं. पण कुणाला? ऐन पन्नाशीत विसरणाऱ्यांना. सत्तरीच्या माणसाला तीच लक्षणं असतील तर ते 'वार्धक्य', किंवा रक्तवाहिन्या कडक झाल्या, एवढंच. म्हणजे वय हीच आजाराची सीमारेषा! ही भिंत पाडली ती १९६८ साली न्यूकॅसलच्या ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी. म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूतले थर त्यांनी मोजले आणि हयातीतल्या त्यांच्या अवस्थेशी ताडून पाहिले. ती अवस्था कळली कशी? नातेवाइकांना विचारून. कपडे घालता येतात का, जेवता येतं का, रस्ता सापडतो का. शुश्रूषा करणाऱ्यांचं ज्ञान विज्ञानात शिरलं ते या दारातून. मग १९७६ मध्ये रॉबर्ट कॅट्झमन यांनी एका छोट्या संपादकीयात ठामपणे मांडलं की दोन्ही एकच आजार आहेत. तेव्हा कुठे म्हातारपणाचा विसर हा 'चळ' न राहता आजार झाला.

नाव मिळालं, ठपका गेला, पैसाही आला. तो बराचसा प्रयोगशाळांत गेला, हेही खरं. आणि आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांची एक जुनी अडचण तशीच राहिली. जॉन लॉक यांनी १६९४ च्या आवृत्तीत व्यक्तीचं एकपण जाणिवेच्या सलगतेवर, म्हणजे जवळजवळ स्मृतीवरच, उभं केलं. मग स्मृती गेलेली आई कोण? ब्रॅडफर्डच्या टॉम किटवुड यांनी १९९७ च्या पुस्तकात याला उत्तर दिलं, की माणूसपण डोक्यात साठवलेलं नसतं, ते इतरांनी दिलेल्या मानातही असतं. रुग्णासमोर त्याच्याबद्दल तो नसल्यासारखं बोलणं, घाई करणं, लहान मुलासारखं दटावणं, याने आजाराइतकंच नुकसान होतं. आम्हाला किटवुड पूर्ण पटत नाहीत. मेंदूची झीज प्रेमाने थांबत नाही. पण लॉकपेक्षा त्यांच्याबरोबर घर चालवणं सोपं आहे.

आपल्याकडे केरळात १९९२ साली या आजारासाठी राष्ट्रीय संस्था उभी राहिली. २०२३ च्या अभ्यासात साठीपुढच्या ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आला. यांतल्या बहुतेकांची शुश्रूषा घरीच होते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने पोटगीची जबाबदारी मुलांवर टाकली, त्यात औषधपाणीही आलं. पण रात्री उठून कूस बदलणाऱ्याला एक रात्र झोप कुठून मिळायची, याबद्दल त्यात काही नाही. आणि कायद्यातली 'मुलं' म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. कूस बदलणारी सून त्या व्याख्येत नाही.